सरोदे, द्वारा पिठाची गिरणी

सोमवार, २० फेब्रुवारी
पावणेपाचला उठले. रेडिओ केंद्राची गाडी पाच पंचवीसला हमरस्त्यावर.
'शहर-शिवार' ७.१० ते ८. मार्केट यार्डातली आवक, अधिवेशनावर एका प्राध्यापकांचं भाष्य (चार मिनिटं ठरली होती, सात घेतली), एका म्हाताऱ्या शाहिरांची मुलाखत, खराडीत आणखी एक काचेची इमारत उभी राहिली त्याच्या दोन ओळी. मग पत्रं. चारच. त्यातलं एक नेहमीच्या सरोद्यांचं, म्हणून निभावलं.
"धायरी महापालिकेत आली, त्याबद्दल पालिकेचे अभिनंदन. पाणी मागाहून येत असावे. आमचा रस्ता अरुंद आहे, त्याला वेळ लागत असेल."
एवढंच. खाली वि. ना. सरोदे, द्वारा पिठाची गिरणी, धायरी. काचेपलीकडे इंजिनिअरसाहेब हसताना दिसले. ते दिवाळीनंतर पहिल्यांदाच.

मंगळवार, २१ फेब्रु.
आज ड्यूटी नाही (माझे वार सोम. आणि गुरु.). टँकर साडेनऊला. रांगेत तानाबाई पुढे होत्या. म्हणाल्या, "काल आमच्या गिरनीचं नाव घेतलं तुमी. सांगा की वो अजून, टँकर दिवसाआड बी येत न्हाय. तुमचं ऐकत्यात ते."
कोण ऐकतंय. मी स्वतः धायरीत राहते, दोन हंडे घेऊन उभी असते, आणि माइकवर त्यातलं एक अक्षर बोलायचं नाही. निवेदकाला घर नसतं, अशी केंद्राची समजूत आहे. सरोद्यांना घर आहे, म्हणून बरं.

गुरुवार, २३ फेब्रु.
कर्णिक मॅडमनी (कार्यक्रम अधिकारी, यापुढे क. मॅ.) मीटिंगमध्ये सांगितलं, पत्रं कमी झाली, ई-मेल आणि मोबाईलवरचे संदेश घ्या. आज संदेश अकरा आले. नऊ जणांनी 'गुड मॉर्निंग' कळवलं. एकाने चुकून बायकोला पाठवायचा होता तो पाठवला.
क. मॅ. म्हणाल्या, "ते सरोदे मात्र चालू ठेवा. पालिकेतून फोन आला होता, कोण आहेत म्हणून." खूश होत्या. त्या खूश झाल्या की चष्मा पुसतात.

रविवार, २६ फेब्रु.
घरी. मि. (मिलिंद, नवरा) सुट्टी असून खराडीला गेला. त्यांचा अमेरिकेतला ग्राहक रविवारी जागा असतो म्हणे. त्याच्या ऑफिसात पाण्याच्या यंत्राला दोन नळ आहेत, थंड आणि गरम. हे तो मला एकदाच म्हणाला, पुन्हा म्हणाला नाही.
बाबा दळण घेऊन आले. सासरे. टपाल खात्यात चौतीस वर्षं सॉर्टर, म्हणजे पत्रं गावोगावच्या खणांत लावायचं काम. आई (सासूबाई) गेल्यावर त्यांनी माझा स्वयंपाकघरातला फळीवरचा संसार तसाच लावला. प्रत्येक डब्याला चिठ्ठी, चिठ्ठीवर पेन्सिलीने आकडा. हळद १, तिखट २. मी तेव्हा चिडले होते. आता मला आकड्यांशिवाय सापडत नाही, ते वेगळं.
लग्नाला सात वर्षं झाली. बाबा माझ्याशी बोलतात ते असं: "दूध आलंय." "गॅस संपत आलाय." बास. आई होत्या तोवर त्यांच्यामार्फत बोलायचे. "तिला सांग, स्वेटर घेऊन जा म्हणावं." मी समोरच बसलेली असायचे. आई गेल्या आणि निरोप्याच गेला. मी वर्ध्याची, न विचारता मि.शी लग्न करून आलेली, तो राग असेल असं मी धरून चालले. रेडिओवर मी काय करते हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. याचं वाईट वाटतं, लिहून ठेवते.

गुरुवार, २ मार्च
घसा बसला. ७.४० ला तर आवाज चक्क फाटला. क. मॅ. म्हणाल्या, सोमवारी दुसरं कोणी बघू का? नको म्हटलं. मी कायम नोकरीत नाही. दर वर्षी ३१ मार्चला करार संपतो, नव्या यादीत नाव लागलं तर एप्रिलपासून पुन्हा ड्यूटी. अशा दिवसांत घसा बसणं परवडत नाही.

शनिवार, ४ मार्च
ओट्यावर मधाची बाटली आणि आलं. मि.ने आणलं असणार. विचारायचं राहिलं, तो झोपला होता.

सोमवार, ६ मार्च
आवाज बरा. सरोद्यांचं कार्ड:
"गुरुवारी निवेदिकाबाईंचा आवाज बसलेला वाटला. आल्याचा रस मधातून घ्यावा व दोन दिवस कमी बोलावे. टँकर आठवड्यात दोनदा आला. अर्धा रिकामा होता, बोलला मात्र भरपूर."
पहिली दोन वाक्यं हवेवर वाचली नाहीत. स्वतःबद्दलचं कसं वाचणार. पण दिवसभर बरं वाटत राहिलं. कुठल्यातरी अनोळखी म्हाताऱ्याला (म्हातारेच असणार, 'व' लिहितात) आपला घसा कळला.

शनिवार, ११ मार्च
सोमवारसाठी पत्रं निवडायला घरी आणली होती. पोहे करताना ओट्यावर पसरली. हळदीचा डबा काढला, झाकण सरोद्यांच्या कार्डाशेजारी ठेवलं.
कार्डाच्या डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीने ४. भोवती गोल, गोलाखाली एक बारीक आडवी रेघ.
झाकणावर १. भोवती गोल, गोलाखाली बारीक आडवी रेघ.
गॅस बंद केला. सरोद्यांची डिसेंबरपासूनची सात कार्डं काढली. सातांवर ४, तसाच. शिक्के मात्र निरनिराळे: मार्केट यार्ड, खडकवासला, स्वारगेट. दर वेळी वेगळ्या पेटीत टाकलं, अक्षर बदलून जरा तिरकं काढलं, सगळी काळजी घेतली. आणि पत्र लिहून झाल्यावर चौतीस वर्षांच्या सवयीने हाताने कोपऱ्यात खणाचा आकडा टाकला. आमच्या केंद्राचा भाग त्यांच्या कपाटात चार नंबरच्या खणात असणार. त्यांना कळलंही नसेल हात काय करून गेला ते.
डिसेंबरपासून दळण बाबाच आणतात.
मधाची बाटली कोणी आणली ते आता विचारायला नको.
पोहे चिकट झाले. बाबांनी सगळे खाल्ले.

रविवार, १२ मार्च
मि.ला सांगितलं, गच्चीवर नेऊन. आधी हसला. मग म्हणाला, नाव काय घेतलंय? वि. ना. सरोदे, म्हटलं. हसायचा थांबला. "आईचं माहेरचं नाव. विमल नामदेव सरोदे."
सात वर्षांत मी आईंचं माहेरचं नाव विचारलं नव्हतं. त्यांच्या माहेरचं कोणी उरलं नव्हतं, विषयच निघाला नाही. तरी लाज वाटली.
म्हणजे अजूनही आईंमार्फतच बोलतात.
मि. म्हणाला, सोम.-गुरु. तू गेलीस की सातला दार लावून बसतात, बाकीचे दिवस नाही. मला वाटलं झोपत असतील.
आता खरी अडचण. करारासोबत एक फॉर्म असतो. त्यात ओळ: माझा कोणताही जवळचा नातेवाईक पत्र, स्पर्धा किंवा अन्य मार्गाने कार्यक्रमात सहभागी होत नाही. तीन वर्षं डोळे मिटून सही केली. यंदाचा फॉर्म पर्समध्ये आहे. मि. म्हणतो, सही कर आणि सोडून दे, कोणाला कळतंय. त्याच्या कंपनीत 'आय अ‍ॅग्री'वर टिचकी मारायची सवय आहे. चौतीस वर्षं दुसऱ्याचं एक पाकीट न उघडणाऱ्या माणसाच्या घरात बसून खोटी सही कशी करू? आणि खरी केली तर माझी ड्यूटी जाईल. सरोदे तर जातीलच. मग बाबा पुन्हा "दूध आलंय"वर.

सोमवार, १३ मार्च
आज त्यांचं कार्ड वाचलं नाही. दोन लोककलावंत होते, वेळ संपला असं सांगता येण्याजोगं. घरी आले तर बाबा गॅलरीत पाठमोरे. पेपर उलटा नव्हता, पण पानही उलटत नव्हतं.
क. मॅ.ची नवी कल्पना. पाणीपुरवठ्याचे साहेब ३० तारखेला (गुरु., माझाच वार) स्टुडिओत यायला तयार. समोर सरोद्यांना बसवायचं. "तुम्हीच लिहा त्यांना, सुजाता. तुमची पत्रं छान असतात."
छान असतात.

मंगळवार, १४ मार्च
केंद्राच्या लेटरहेडवर लिहिलं. 'आदरणीय श्री. सरोदे, आपण आमच्या कार्यक्रमात सहभागी व्हावे...' ज्यांना सकाळी चहा दिला त्यांना आपण-आपण करत पान भरलं. पोस्टात टाकलं. दीड खोलीच्या अंतरासाठी तिकीट लावलं.

शनिवार, १८ मार्च
उत्तर केंद्रावर आलं होतं, क. मॅ.नी फोनवर वाचून दाखवलं. "निमंत्रणाबद्दल आभारी आहे. मला समोरासमोर बोलण्याची सवय नाही. निवेदिकाबाई माझे म्हणणे माझ्यापेक्षा चांगले मांडतात."
क. मॅ. म्हणाल्या, काय खडूस माणूस आहे. मी त्यांना ते कार्ड जपून ठेवायला सांगितलं.

सोमवार, २० मार्च
कार्यक्रम ठीक. परत येताना ठरवलं. तोंडाने विचारणं मला जमणार नाही, त्यांनाही जमणार नाही. मग त्यांच्याच वाटेने जायचं. साधं पोस्टकार्ड घेतलं:
'श्री. सरोदे यांस, स. न. निवेदकाच्या घरच्या माणसाचे पत्र कार्यक्रमात घेता येत नाही, असा केंद्राचा नियम आहे. निवेदकाला तशी लेखी सही ३१ मार्चपर्यंत द्यावी लागते. आपणांस हा नियम माहीत नसावा. आपली सर्व पत्रे मी जपून ठेवली आहेत. आल्याच्या रसाने गुण आला. आ. सुजाता.'
खाली डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीने खण टाकावासा वाटला. धायरीचा नंबर मला माहीत नाही. नुसता गोल काढला, खाली रेघ.
पेटीत पडल्याचा आवाज ऐकला.

गुरुवार, २३ मार्च
काही नाही. कार्डही नाही.

शनिवार, २५ मार्च
बाबा अकराला दळण घेऊन गेले. पाऊण वाजता आले. गिरणी सात मिनिटांवर आहे. पीठ डब्यात ओतलं, हात धुतले, जेवले. भाजी दुसऱ्यांदा घेतली. एरवी घेत नाहीत. खोलीत गेले. दार लावलं.
मि. फोनवर इंग्रजीत कोणालातरी 'इट्स अ नोन इश्यू' सांगत होता.

सोमवार, २७ मार्च
सरोद्यांचं कार्ड आजही नाही. क. मॅ. म्हणाल्या, रुसले वाटतं. साहेब मात्र नक्की येणार. त्यांना एकटं बसवून गोड बोलत राहायचं, असा आता कार्यक्रम.
मी फार वाईट केलं का? नियम होता, सांगितला. पण घरात कोणाचं तरी तोंड बंद केल्यासारखं वाटतंय.

गुरुवार, ३० मार्च
जमेल तसं सगळं लिहिते.
६.४० ला गेटवरून फोन, तुम्हाला भेटायला कोणी आलेत. बाहेर गेले. बाबा. इस्त्रीचा पांढरा सदरा, पायात बूट. धायरीहून पहिल्या बसने आलेले. मी गाडीने निघाले तेव्हा ते अंघोळीला गेले होते, म्हणजे माझ्या मागोमाग.
वॉचमनने रजिस्टर पुढे केलं. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि रकाने एकेक भरले, मनीऑर्डर भरावी तसे. नाव: दा. ल. गायकवाड. कंसात (वि. ना. सरोदे). कोणाला भेटायचे: सौ. सुजाता गायकवाड. नाते: सून. काम: पत्रे मी लिहिली, तिला ठाऊक नव्हते.
क. मॅ. तोवर आल्या. वाचलं. चष्मा काढला, पुसला नाही. मला बाजूला घेऊन विचारलं, "तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं?"
नव्हतं म्हटलं असतं तर तिथेच संपलं होतं. बाबांनी तेवढ्यासाठीच पहाटेची बस पकडली होती. पण ते पलीकडे बाकावर, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते.
"अकरा तारखेपासून ठाऊक आहे," म्हटलं. "त्यानंतर त्यांचं एकही पत्र वाचलेलं नाही."
क. मॅ. म्हणाल्या, "कार्यक्रम करा. बाकीचं नंतर." बाबांना त्यांनी स्टुडिओत येऊ दिलं नाही, ते बरोबरच. बाहेरच्या खोलीत स्पीकर आहे, तिथे बसवलं, चहा सांगितला. तो बाबांनी घेतला नाही.
साहेब आले. नीटस माणूस. पाइप येऊन पडलेत, खोदाईची परवानगी दोन खात्यांत आहे, असं सगळं. मी विचारलं, टँकर किती वेळा जातो? दिवसाआड, म्हणाले.
समोर कागद होता. त्यावर पुढचा प्रश्न होता, पाणी बचतीसाठी नागरिकांना काय आवाहन कराल?
तो विचारला नाही. म्हटलं, "साहेब, मी धायरीत राहते. आमच्याकडे टँकर मंगळवारी आला होता. त्याआधीच्या मंगळवारी आला होता. मी स्वतः रांगेत होते."
काचेपलीकडे क. मॅ. उभ्या राहिल्या. सहा सेकंद साहेब गप्प. रेडिओवर सहा सेकंद फार असतात. मग म्हणाले, बघून सांगतो. पाइप कधी, विचारलं. एप्रिलअखेर, म्हणाले. एप्रिलअखेर काय, काम सुरू की पाणी? "काम," म्हणाले. हवेवर. आता ते सगळ्यांनी ऐकलंय.
८ वाजता बाहेर आले. बाबा उभे राहिले. म्हणाले, "अधिवेशन म्हणताना श गिळलास."
एवढंच. तू म्हणाले. सात वर्षांत पहिल्यांदा, मला उद्देशून. बसमध्ये शेजारी बसलो. मी खिडकीकडे तोंड करून थोडं रडले, त्यांनी तिकडे न बघता रुमाल पुढे केला. इस्त्रीचा.

शुक्रवार, ३१ मार्च
फॉर्म दिला. त्या ओळीपुढे लिहिलं: होतात. सासरे. यापुढे होणार नाहीत. क. मॅ.नी शिक्का मारून घेतला. म्हणाल्या, काल स्वतःचं घर हवेवर आणलंत, तेही मला वर लिहून कळवावं लागेल. माझ्या हातात नाही. मग, "ते काम-की-पाणी चांगलं विचारलंत." यादी बुधवारी लागेल. तोवर माझ्या वारांना दुसरं कोणी.

रविवार, २ एप्रिल
तानाबाईंनी रांगेत पुढे उभं केलं. नको म्हटलं तरी. टँकर आला. पंधरा मिनिटं उशिरा, पण लागोपाठ दुसऱ्या दिवशी. योगायोग असेल.

सोमवार, ३ एप्रिल
पावणेपाचला जाग आली, सवयीने. जायचं कुठेच नव्हतं. पडून राहिले. ड्यूटी गेली तर काय करायचं, याचा विचार करायचं टाळत होते, तो केला. हे काम मला फार आवडतं, एवढंच कळलं.
सातला स्वयंपाकघरात गेले. बाबांचं दार उघडं. सताड. रेडिओ चालू, मोठा. आत खुर्च्या दोन होत्या. एक जेवणाच्या टेबलाची होती, रात्री तिथे नव्हती.
जाऊन बसले. नवी मुलगी चांगली बोलते, जरा घाईत. शेवटी पत्रं लागली. दोनच. दोन्ही अभिनंदनाची. बाबांनी नापसंतीने नाक ओढलं.
८ ला रेडिओ बंद करून त्यांनी उशाखालून कोरं कार्ड काढलं, पेनासकट माझ्यापुढे ठेवलं.
मी म्हटलं, बाबा, मला लिहिता येणार नाही, मी निवेदक.
"बुधवारपर्यंत नाहीस," म्हणाले. "लिही तोवर."
लिहिलं. पाण्याचं, एप्रिलअखेरचं, टँकर बोलतो किती त्याचं. खाली माझंच नाव, पत्ता घराचा. त्यांनी चष्मा लावून वाचलं, एक अनुस्वार दिला, आणि पेन्सिलीने कोपऱ्यात ४ टाकून भोवती गोल काढला. रेघ मारायला पेन्सिल माझ्याकडे दिली.
कार्ड रेडिओखाली ठेवलंय. यादीत नाव नसेल तर टाकायचं. असेल तर फाडायचं. बाबा म्हणाले, फाडायचं नाही, ठेवायचं.